‘हे कोणासाठी आहे?’ : किशोरवयीनांच्या संगीत मासिकाचं एक मुखपृष्ठ (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संगीत मासिकाच्या तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाचं आहे. मासिक देवनागरीत निघतं, वाचक १३ ते १७ वर्षांचे. मासिकाचं, प्रकाशनसंस्थेचं आणि कव्हरवर आलेल्या मुलीचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. मी त्या अंकाची मांडणीकार होते. आमचे निर्णय जिथे चुकले, त्या जागा असं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येणार आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझ्याकडे काम येण्याआधी दोन अंक निघाले होते. आतला मजकूर चांगला होता, आणि मी हो म्हणाले ते त्या मजकुरामुळे. घरच्या घरी रेकॉर्डिंग कसं करावं, गाण्याचे हक्क म्हणजे नेमकं काय, आवाज फुटण्याच्या वयात गाणाऱ्या मुलांनी गळा कसा सांभाळावा, अशा विषयांवर मन लावून लिहिलेले लेख होते. अंक मात्र हलत नव्हता. वितरण पाहणाऱ्या सहकाऱ्यानं एका स्टॉलचा फोटो काढून आणला होता. त्यात आमचं मासिक रंगवायच्या पुस्तकांच्या आणि कोड्यांच्या मध्ये ठेवलेलं दिसत होतं. संपादक वैतागले होते, पण मला विक्रेत्याचा दोष दिसेना. त्यानं कव्हर पाहिलं आणि जे दिसलं त्याप्रमाणे जागा दिली.

तिसऱ्या अंकाची मुख्य मुलाखत सोळा वर्षांच्या एका गायिकेची होती. तिनं आपलं पहिलं गाणं कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड केलं होतं. टांगलेले कपडे आवाज शोषून घेतात, भिंतींवरून परत येणारा प्रतिध्वनी कमी होतो, आणि साध्या माइकवरही आवाज जवळचा व स्वच्छ येतो. ते गाणं मुलांनी एकमेकांना पाठवून पाठवून पसरवलं होतं. हातात इतका चांगला विषय होता आणि छपाईला पाच आठवडे होते.

अडचण कुठे होती

मला मिळालेली सूचना एका ओळीची होती: ‘मुलांना आवडेल असं, रंगीबेरंगी, एनर्जेटिक.’ मी ती जशीच्या तशी मान्य केली, आणि पहिली चूक तिथेच झाली. ‘मुलांना आवडेल असं’ हे शब्द मोठ्या माणसांच्या मनातल्या मुलांबद्दल असतात, आणि मीही मोठीच.

पहिली डमी, म्हणजे कव्हरचा कच्चा नमुना, आठवड्याभरात तयार झाली. स्टुडिओत शूट झालं. फोटोत ‘संगीत दिसायला हवं’ म्हणून मुलीच्या हातात गिटार दिली. मागे रंगांचे शिंतोडे, फ्लुरोसंट हिरवा आणि गुलाबी, तिरक्या पट्ट्या, नऊ कव्हरलाइन्स (आतल्या लेखांबद्दलच्या कव्हरवरच्या ओळी), त्यातल्या सहा उद्गारचिन्हांसह. ‘धमाल, मस्ती, म्युझिक!’ ही ओळ सगळ्यात वर. स्क्रीनवर ते झगमगत होतं आणि ऑफिसात सगळ्यांना आवडलं.

मग आम्ही आठ मुलांना बोलावलं. सहकाऱ्यांची मुलं आणि त्यांचे मित्र, वय चौदा ते सोळा. संपादक आणि मी समोर बसलो, डमी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘आवडलं का?’ सगळे म्हणाले, छान आहे. आम्ही ते वहीत लिहून घेतलं. बाहेर पडताना एक पंधरा वर्षांचा मुलगा दारात थांबला आणि हळूच म्हणाला, ‘ताई, ती कुठलीच कॉर्ड धरत नाहीये.’

मी परत आत जाऊन फोटो पाहिला. तो म्हणत होता ते खरं होतं. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरायला तारा बोटांनी दाबाव्या लागतात. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती ठेवलेली होती, दाबलेली नव्हती, आणि अंगठा गिटारच्या दांडीच्या पुढे आला होता. ती मुलगी गिटार वाजवत नाही, कीबोर्ड वाजवते. हे मला शूटच्या दिवशी ठाऊक होतं आणि मी काहीच बोलले नव्हते.

त्या मुलाला मी थांबवून विचारलं, ‘हे मासिक कोणासाठी आहे असं वाटतं?’ तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘माझ्या बहिणीसाठी. ती पाचवीत आहे.’

या एका वाक्यानं पुढचं सगळं काम बदललं. संगीताचं मासिक हातात घेणारा तेरा-चौदा वर्षांचा वाचक आपण सतरा-अठराचे असल्यासारखं दिसायला बघतो. त्याला स्वतःच्या वयाचं चित्र नको असतं. आम्ही दहा वर्षांच्या मुलाचं चित्र त्याच्या हातात देत होतो. आणि गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या फोटोतून एकच गोष्ट कळत होती, की या लोकांना वाद्याची पर्वा नाही.

समोरचे पर्याय

संपादकांनी दुसऱ्या दिवशी जुन्या संगीत मासिकांचा एक ढीग टेबलावर मांडला. त्यातून नक्कल करायची नव्हती. दुसऱ्यांनी याच प्रश्नाला काय उत्तर दिलं ते पाहायचं होतं. ब्रिटनमधलं ‘स्मॅश हिट्स’ १९७८ साली सुरू झालं आणि २००६ साली बंद पडलं. किशोरवयीनांमध्ये ते इतकं चाललं याचं एक मोठं कारण म्हणजे त्यात गाण्यांचे शब्द छापून यायचे. वाचकाला जे हवं होतं ते कव्हरवर स्पष्ट सांगितलेलं असायचं. १९८१ साली निघालेल्या ‘केरँग!’चं नावच गिटारच्या जोरदार आघाताच्या आवाजावरून आलं आहे, आणि त्याची अक्षरं तडा गेल्यासारखी दिसतात. नाव आणि दिसणं दोन्ही एकच आवाज काढतात. १९८६ साली निघालेल्या ‘क्यू’चं नाव डाव्या कोपऱ्यातल्या लाल चौकोनात असे. स्टॉलवर अंक एकमेकांवर सरकवून लावले तरी बहुतेक वेळा डावी कड दिसत राहते, म्हणून ती जागा मोलाची.

आमच्या गटातल्या सगळ्यात तरुण मांडणीकाराला ‘रे गन’सारखं काहीतरी करायचं होतं. १९९२ साली निघालेल्या त्या मासिकात डेव्हिड कार्सन यांनी मांडणीचे नियम मोडीत काढले. एक मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्यांनी ती अख्खी झॅफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली होती, म्हणजे वाचताच येऊ नये अशी. ते धाडस मला आजही थरारक वाटतं. पण ‘रे गन’चा वाचक काय विकत घेतोय ते जाणून घ्यायचा. आमचं नाव अजून कोणाच्या डोळ्यांत बसलेलं नव्हतं.

चर्चेअंती तीन वाटा उरल्या. पहिली, आहे तीच डमी दुरुस्त करायची: गिटार कापायची, रंग कमी करायचे, उद्गारचिन्हं काढायची. ही सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारी. दुसरी, फोटोच नको; फक्त अक्षरांचं किंवा रेखाचित्राचं कव्हर. तिसरी, पुन्हा शूट.

रेखाचित्राची वाट मला फार ओढत होती, पण ती सोडली. स्टॉलवाल्यानं आम्हाला रंगवायच्या पुस्तकांत ठेवलं होतं ते आधीच्या अंकावरच्या कार्टून हेडफोनमुळे. चित्र कितीही प्रौढ काढलं तरी धोका तोच होता. दुरुस्तीची वाट आणखी एका कारणानं बंद होती. स्टुडिओतले बहुतेक फोटो आडवे आणि जवळून घेतलेले होते. ए-फोर कव्हर २१० बाय २९७ मिलिमीटरचं. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कागद कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून छापायची जादा पट्टी) धरला की २१६ बाय ३०३. छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या आडव्या फोटोतून तेवढे उभे पिक्सेल निघतात, पण मुलीच्या डोक्यावर मोकळी जागाच नव्हती. नाव ठेवायचं तर ते कपाळावर आलं असतं. म्हणून पुन्हा शूट करायचं ठरलं.

दुसरं शूट

या वेळी आम्ही तिच्याकडे गेलो, ती जिथे सराव करते त्या खोलीत. ठरवून काहीही नेलं नाही. फोटोग्राफरशी एकच बोलणं झालं: उभे फोटो, डोक्यावर चौकटीचा चौथा हिस्सा रिकामा, मागे फिकी भिंत. मुलगी अल्पवयीन असल्यानं आईवडिलांची लेखी परवानगी होतीच. या वेळी मी तिचीही स्वतंत्र सही घेतली. कायद्याला आईवडिलांची पुरते, पण चेहरा तिचा होता.

पहिला पाऊण तास वाया गेला असं वाटलं. ती कॅमेऱ्याकडे पाहून शाळेच्या फोटोत हसतात तशी हसत होती. मग फोटोग्राफरनं तिला गाण्यातला तिला न जमणारा भाग वाजवायला सांगितला. ती कीबोर्डवर वाकली, दोनदा चुकली, वैतागून वर पाहिलं. कव्हरवर गेलेला फोटो तो आहे. ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई वर, नजर थेट समोर. कव्हरवरची थेट नजर हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे हे सगळेच जाणतात, पण इथे नजरेत एक विचार होता आणि तो ओळखीचा होता. सरावाला बसलेल्या कुठल्याही मुलाला तो वैताग माहीत असतो.

चेहऱ्याला हात लावायचा की नाही

याच निर्णयावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि घालवला ते बरं झालं.

मुलीच्या हनुवटीवर मुरुमं होती, एक ओठाच्या वर. संपादकांनी पहिल्याच नजरेत म्हटलं, ‘हे साफ करून घ्या.’ फोटोग्राफर म्हणाला, एकाही पिक्सेलला हात लावायचा नाही. रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग पुसण्याचं काम, करणाऱ्यांमध्ये एक संकेत आहे: दोन आठवड्यांत जे आपोआप जाईल ते काढावं, जे कायमचं आहे ते ठेवावं. मुरूम जाईल, तीळ राहील. मी वर्षानुवर्षं या संकेतानं काम केलंय. पण सोळाव्या वर्षी एक मुरूम जातं आणि दुसरं येतं. त्या वयाची त्वचा तशीच असते. ते सगळं पुसलं तर आमचा वाचक आरशात पाहून काय म्हणेल, हा प्रश्न मला सोडवेना.

त्यात आणखी एक गुंता होता. फोटो कृष्णधवल करायचं ठरत होतं. रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा यांपैकी कोणत्या रंगाच्या थराला, म्हणजे चॅनेलला, वजन द्यायचं ते आपल्या हातात असतं. लाल चॅनेलवर भर दिला की लाल डाग उजळून त्वचेत मिसळतात. निळ्या-हिरव्यावर दिला की तेच डाग गडद होतात. म्हणजे एकही मुरूम न पुसता ती नाहीशी करता आली असती, आणि ‘आम्ही रिटचिंग केलं नाही’ असं अक्षरशः खरं म्हणता आलं असतं. एक दिवस मी ही पळवाट खरोखर मनात धरून होते.

शेवटी आम्ही तीन प्रिंट काढले: एक पूर्ण साफ, एक लाल चॅनेलचा, एक जसाच्या तसा. ते तिच्याकडे पाठवले, आणि निर्णय तिनं एकटीनं घ्यावा, आईवडिलांनी किंवा आम्ही समोर बसू नये, असं आधीच सांगितलं. पहिल्या डमीच्या वेळी आम्ही समोर बसलो होतो म्हणून मुलं छान म्हणाली होती, हे विसरले नव्हते.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. ओठावरचं एक काढा, ते त्याच दिवशी आलं होतं; हनुवटी राहू द्या. कारण तिनं असं दिलं: ‘शाळेत सगळे मला रोज बघतात. कव्हरवर वेगळी दिसले तर सगळे त्याबद्दलच बोलतील.’ तिला आमच्यापेक्षा आपला वाचक नीट माहीत होता. आम्ही तसंच केलं.

नाव आणि अक्षरं

आधीच्या दोन अंकांचं नाव ‘बलू’ या फॉन्टमध्ये होतं. फॉन्ट उत्तम आहे, गोलसर आणि प्रेमळ. लहान मुलांच्या पुस्तकावर तो शोभून दिसतो, आणि म्हणूनच इथे तो चुकीचा निरोप देत होता. नाव नव्यानं हातानं काढलं, जाड आणि कोरीव. कव्हरलाइन्ससाठी ‘मुक्ता’ घेतला, कारण त्यात सात वजनं, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्या, आहेत आणि एकाच फॉन्टमध्ये मोठं-लहान, जाड-बारीक असं सगळं बोलता येतं.

देवनागरीच्या दोन गोष्टींनी अडवलं. तरुण सहकाऱ्यानं नावाची अक्षरं सुटी, ऐसपैस करायला म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. रोमन अक्षरांना ते चालतं. आपली शिरोरेषा तुटते, आणि तुटलेली शिरोरेषा ऐटदार दिसत नाही, चुकल्यासारखी दिसते. अंतर पुन्हा शून्यावर आणलं आणि अक्षरंच रुंद काढली.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. मोठ्या मासिकांच्या कव्हरवर कलाकाराचं डोकं नावाच्या पुढे येतं, अर्धं नाव झाकलं जातं, आणि त्यानं फोटोला खोली येते. १९६७ पासून निघणाऱ्या ‘रोलिंग स्टोन’ला हे सहज जमतं, अर्धं झाकलेलं नावही वाचक पूर्ण करून घेतो. आम्हालाही तो थाट हवा होता. आमच्या नावात दुसऱ्या अक्षरावर वेलांटी होती. डोकं वर सरकवलं की वेलांटीचा वरचा बाक केसांमागे जायचा, उरलेला दंड कान्यासारखा दिसायचा आणि शब्द दुसराच व्हायचा. रोमनमध्ये झाकलेलं अक्षर निदान अर्धं तरी तेच राहतं; देवनागरीत वरची मात्रा झाकली की स्वर बदलतो. डोकं खाली ठेवलं, नाव पूर्ण मोकळं. तिसऱ्याच अंकाला तो थाट परवडणारा नव्हता.

कव्हरलाइन्स नवावरून चारवर आल्या. मुख्य ओळ: ‘पहिलं गाणं कपाटात रेकॉर्ड केलं’. खाली तीन छोट्या: आवाज फुटतो तेव्हा काय करायचं, चार कॉर्डमध्ये किती गाणी बसतात, तुमच्या गाण्याचा मालक कोण. उद्गारचिन्ह एकही नाही, ‘धमाल’ नाही, ‘तरुणाई’ तर नाहीच, कारण तो शब्द तरुण स्वतःसाठी कधी वापरत नाहीत. दोन ओळींच्या मथळ्यात ओळींमधलं अंतर जरा सैल ठेवावं लागलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

गुलाबी रंग, एकाच ठिकाणी

कृष्णधवल फोटो, काळी अक्षरं अशी दुसरी डमी आम्ही मुलांना दाखवली. पद्धत बदलली होती. डमी इतर सहा मासिकांत मिसळून टेबलावर ठेवली, मुलांना थोडा वेळ नुसतं बसवलं आणि कोण काय उचलतं ते लांबून पाहिलं. डमी दोघांनीच उचलली. नंतर विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘फोटो भारी आहे. पण आजोबांच्या पुस्तकासारखं वाटतं.’

म्हणजे रंग हवा होता. पहिल्या डमीतला फ्लुरोसंट गुलाबी मला आठवत होता, पण तो स्क्रीनवरचा होता. स्क्रीन प्रकाशानं रंग बनवते, छपाई शाईनं, आणि असे झळाळणारे रंग सीएमवायकेच्या (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी) चार शायांत बसतच नाहीत. पहिल्या डमीचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा कागदावरचा नमुना, काढलं असतं तर तो गुलाबी मळकट निघाला असता. आम्ही ते काढलंच नव्हतं. खरा फ्लुरोसंट हवा तर त्याची वेगळी पाचवी शाई लागते. पॅन्टोन या कंपनीच्या तयार रंगांच्या यादीत ८०६ हा तसा गुलाबी आहे.

मला वाटलं, फोटो काळ्या शाईत आणि नाव गुलाबी शाईत केलं तर दोनच शाया लागतील, छपाई उलट सोपी होईल. छापखान्यातल्या काकांनी एका वाक्यात ते निकालात काढलं: पुढचं आणि मागचं कव्हर एकाच कागदाच्या एकाच बाजूला छापलं जातं, आणि मागच्या कव्हरवर चार रंगांची जाहिरात आहे. चार शाया लागणारच, माझी पाचवी. त्यांचं यंत्र चार रंगांचं, म्हणजे छापलेला कागद पुन्हा एकदा यंत्रातून काढायचा. दुसऱ्या फेरीत कागद ओलाव्यानं किंचित ताणलेला असतो आणि नोंदणी, म्हणजे आधीच्या छपाईवर नवी शाई नेमक्या जागी बसणं, केसभर सरकू शकते.

इथे दोन वाटा होत्या: फ्लुरोसंट सोडून चार रंगांतला जवळचा गुलाबी घ्यायचा, किंवा दुसरी फेरी पत्करून मांडणीच अशी करायची की केसभर सरकलं तरी दिसू नये. मी दुसरी निवडली. नाव पूर्णपणे फिक्या भिंतीवर आलं, त्याला काळी कड नाही, खाली फोटोत अक्षरांच्या आकाराची पांढरी जागा कापून ठेवलेली नाही. गुलाबी शाई सरळ वर छापायची. डोकं खाली ठेवण्याचा आधीचा निर्णय इथे कामी आला, कारण नाव आणि केस एकमेकांना कुठे शिवतच नव्हते. फोटो चारही शायांतल्या करड्या छटांत गेला, त्यामुळे नुसत्या काळ्या शाईत येतो तसा फिका न पडता काळोखी भागांना खोली आली.

कव्हरलाइन्सही गुलाबी कराव्यात असा आग्रह झाला. तो मानला नाही. वेबसाठीच्या वाचनीयतेच्या नियमांत छोट्या अक्षरांना ४.५ : १ आणि मोठ्यांना ३ : १ इतका अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात फरक लागतो, कागदाला तो नियम लागू नसला तरी अंदाज घ्यायला बरा असतो. हा गुलाबी पांढऱ्यावर ठेवला तर जेमतेम मोठ्या अक्षरांपुरता उतरतो. शिवाय मुलं कव्हर आधी फोनवर पाहणार होती. मी ते दोन सेंटिमीटर रुंद करून पाहिलं. नाव, डोळे आणि ‘कपाटात’ हा शब्द दिसत होता. तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या डमीच्या वेळी सात मासिकांतून मुलांनी ती आधी उचलली. ‘कोणासाठी?’ या प्रश्नावर गिटारवाला मुलगा म्हणाला, ‘माझ्या मोठ्या भावाचं असेल.’ तो पंधराचा, भाऊ अठराचा. आम्हाला हवं होतं तेच उत्तर.

छपाईच्या आदल्या दिवशी

शेवटच्या फाइलमध्ये तरुण सहकाऱ्यानं बारकोडही गुलाबी केला होता, कव्हरशी जुळावा म्हणून. फोनच्या अ‍ॅपनं तो वाचला, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. काकांनी थांबवला. दुकानातले बरेच स्कॅनर लाल प्रकाश टाकतात. गुलाबी रेघा तो प्रकाश पांढऱ्या कागदासारखाच परत पाठवतात आणि स्कॅनरला तिथे काहीच दिसत नाही. नियतकालिकाच्या तेरा आकड्यांचा हा कोड ९७७ नं सुरू होतो, त्यात आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतो, शेजारी अंकाच्या क्रमांकाची दोन आकड्यांची जोड असते. म्हणजे तो वाचलाच गेला नसता तर विक्रीची नोंदही झाली नसती. पांढऱ्या चौकोनात काळ्या रेघा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि आकार मूळ मापाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी नाही, असा तो नेहमीसारखा ठेवला.

निष्पत्ती

अंक वेळेवर निघाला. नोंदणी काही प्रतींत सरकली, पण शोधल्याशिवाय दिसत नव्हती. न विकले गेल्यानं परत येणारे गठ्ठे आधीच्या दोन अंकांपेक्षा कमी होते. ज्या स्टॉलचा फोटो आम्हाला दाखवला होता तिथे मी स्वतः गेले. मासिक संगणक आणि सिनेमाच्या मासिकांशेजारी लावलेलं होतं. मला याचा किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र बिघडली. दर्शनी भागात उन्हात टांगलेल्या प्रतींचं नाव फिकं पडत गेलं. फ्लुरोसंट शाया प्रकाशात लवकर उतरतात. मला हे ऐकून माहीत होतं, आणि महिनाभर विकायच्या अंकाला ते लागू होईल असं मी धरलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

मुलांना पहिल्या दिवशी बोलावेन, डमी करण्याआधी. त्यांच्यापुढे काही ठेवण्याऐवजी त्यांनी स्वतः विकत घेतलेलं, भिंतीवर लावलेलं काय ते आणायला सांगेन. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारणार नाही. छापखान्यात संकल्पनेच्या टप्प्यावर जाईन. मागच्या कव्हरची जाहिरात आणि यंत्राचे चार रंग मला पहिल्या आठवड्यात कळले असते तर दहा दिवस वाचले असते. फ्लुरोसंट पुन्हा वापरेन, पण स्टॉलसाठीच्या प्रतींत नाही.

आणि ज्याचं सगळ्यात वाईट वाटतं ते हे. अंक निघाल्यावर तीन आठवड्यांनी त्या मुलीशी बोलणं झालं. फोटो तिला आवडला होता, घरच्यांनाही. पण शाळेत काही मुलं तिला ‘कपाटवाली’ म्हणायला लागली होती. आम्हाला ती ओळ कौतुकाची वाटली होती, मलाही. तिच्या चेहऱ्याबद्दल आम्ही तीन प्रिंट काढून तिला विचारलं. तिच्या चेहऱ्याखाली काय लिहिणार आहोत ते एकदाही विचारलं नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘गाणं ऐकलं की गप्प बसतात.’ पण ते तिनं आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं.

तेव्हापासून कव्हरवर येणाऱ्या मुलाला शब्दांसकट पूर्ण डमी पाठवतो, सोबत पेन. पाचव्या अंकात एका ड्रमवादक मुलानं आपल्या फोटोखालची एक ओळ खोडून परत पाठवली. कारण लिहिलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. त्या जागी दुसरी ओळ घालण्याऐवजी ती रिकामीच ठेवून अंक छापायला दिला.